टांझानियाच्या कॅम्पिंग सफारीत १००-४०० झूम: काही महिन्यांच्या वापरानंतर

आफ्रिकेला जायचं ठरलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘सहाशे मिमीची लेन्स तरी हवीच’. मी क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा छोटा सेन्सर, त्यामुळे दृश्य जास्त जवळ दिसतं) बॉडीसाठी १००-४०० मिमीची झूम घेतली, भिगवण आणि ताडोब्यात तिच्यावर हात बसवला आणि मग टारांगिरे, सेरेंगेटी, एन्गोरोंगोरो असा तंबूतला सगळा प्रवास तिच्याच भरवशावर केला. परत आल्यावरही ती रोजच्या वापरात आहे. आता माझं मत पक्कं झालंय: सफारीत या लेन्सचं खरं मोल ४००च्या टोकाला नाही, १००च्या टोकाला आहे.

टारांगिरेत कोरड्या मोसमात हत्तींचे कळप नदीकडे निघतात आणि वाटेत गाडीला अगदी खेटून जातात. मागे बाओबाबचं जाडजूड खोड, पुढे आईच्या पायांत लुडबुडणारं पिल्लू. हा फोटो १०० वर मिळतो, आणि क्रॉप बॉडीवर तेही १५० सारखंच दिसतं. लांब फिक्स (झूम न होणाऱ्या) लेन्सवाल्याला तिथे फक्त सोंडेच्या सुरकुत्या मिळतात.

४०० लागते ती सेरेंगेटीतल्या सेरोनेरा भागातल्या बिबट्यांसाठी. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात गाडी रस्ता सोडून नेता येत नाही, म्हणून बिबट्या कुठल्याही झाडावर असो, रस्त्यावरून जेवढं दिसेल तेवढंच आपलं. पहाटेच्या उजेडात एफ/५.६ वर (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडूनही) आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत न्यावा लागतो. तो न्यावा, घाबरू नये. त्याने येणारा ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सुधारत नाही. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो आणि सोनेरी उजेड पटकन संपतो. त्यामुळे नाश्ता तंबूत करून निघायचं की सोबत बांधून घ्यायचा, हे आदल्या रात्रीच स्वयंपाक्याशी बोलून ठेवा. आम्ही बांधून घ्यायचो.

एन्गोरोंगोरोच्या विवरात काळा गेंडा बघितला, पण फार लांब. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि त्या अंतरावर ४०० काय, ८०० असती तरी कडा विरघळलेल्याच येतात. अशा वेळी मी गेंड्याला छोटाच ठेवला आणि मागची विवराची भिंत पूर्ण घेतली. सुमारे ६०० मीटर उंचीची ती भिंत फ्रेममध्ये आली की जागेचा खरा आवाका कळतो.

ट्रायपॉड नेऊ नका. उघडणाऱ्या छपराच्या लँड क्रूझरमध्ये तो उभा करायला जागाच नसते. लेन्स टेकवायची बीन बॅग पुण्याहून रिकामी नेली आणि अरुशा शहराच्या बाजारात राजम्यासारख्या दाण्यांनी भरली. छपराच्या कडेवर ती टाकून लेन्स ठेवली की दीड किलोच्या आसपासचं वजन हाताला जाणवत नाही. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, गाडीतल्यांना क्षणभर हलू नका म्हणा. शेवटी ते दाणे आमच्या स्वयंपाक्याला दिले.

धूळ ही खरी परीक्षा. एन्गोरोंगोरोकडून सेरेंगेटीकडे उतरणारा रस्ता कच्चा आहे आणि तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, पिठासारखी. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स हवेबरोबर ती धूळही आत ओढते. टांझानियात २०१९च्या जूनपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, पर्यटकांनाही. म्हणून मी जुना सुती पंचा वापरला आणि गाडी चालू असताना लेन्स त्यातच गुंडाळून मांडीवर ठेवली. आज इतक्या महिन्यांनी पुढच्या काचेमागे दोन-चार कण दिसतात आणि झूम रिंग किंचित खरखरते. फोटोवर परिणाम शून्य.

माणसांसाठी मात्र ही लेन्स बॅगेतच राहिली. एन्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात मसाई वस्ती करून राहतात, गुरं चारतात. १९५९मध्ये सेरेंगेटीतून हलवलेल्या कुटुंबांनाही तिथेच जागा देण्यात आली होती. चालत्या गाडीच्या खिडकीतून ४०० रोखून त्यांचे फोटो काढणं मला पटत नाही. जनावराला लांबून टिपणं हा त्याचा मान राखणं आहे, माणसाला तसं टिपणं म्हणजे त्याला न विचारता घेणं. बोमात, म्हणजे मसाईंच्या वस्तीत, गेलो तेव्हा गाइडने पैशांचं आधीच ठरवलं होतं. मी ३५ मिमी लावली, ‘नाओंबा कुपिगा पिचा’ (फोटो काढू द्याल का) असं स्वाहिलीत विचारलं आणि ज्या आजींनी मान हलवून नाही म्हटलं त्यांच्याशेजारी नुसती बसले.

सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचं एक्स्पोजर नीट शिकूनच जा. मागे पांढरं आकाश असलं की कॅमेरा चेहरा अंधारात घालतो. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त त्या ठिपक्यापुरता उजेड मोजणं) केलं तर उलट तो गरजेपेक्षा उजळ होतो आणि कांतीचा रंगच धुऊन जातो, म्हणून मी एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी करत होते. सगळ्यात चांगला उजेड झोपडीच्या दारात, सावलीच्या कडेला. लाल शुका (मसाई अंगावर घेतात ते वस्त्र) उन्हात असेल तर लाल रंग भडकून तपशील जातो, तोही सावलीतच खुलतो. प्रिंट काढून गाइडमार्फत पाठवल्या, हा खर्च सहलीच्या हिशेबातच धरा.

चार्जिंगचं सांगायचं तर सार्वजनिक कॅम्पसाइटवर विजेची खात्री नसते, मी गाडीतल्या सॉकेटवर भागवलं. भिंतीतले प्लग तीन चौकोनी पिनांचे. जास्तीच्या बॅटऱ्या न्याच.

फक्त सफारीसाठी लेन्स हवी असेल तर १००-४०० डोळे झाकून घ्या. भिगवणच्या पक्ष्यांसाठी हवी असेल तर ४०० अपुरी पडते, तिथे १५०-६०० बघा.