डेमो बघताना स्वतःचा मोबाइल पुढे करा: वेब अ‍ॅनिमेशनच्या क्लासमधली फसवणूक

तालुक्याच्या गावातल्या एका क्लासने बारावी झालेल्या मुलीकडून 'इंटरॅक्टिव्ह वेब अ‍ॅनिमेशन आणि स्क्रिप्टिंग' या सहा महिन्यांच्या कोर्सचे ४८,००० रुपये घेतले. कोर्स संपला तेव्हा तिच्या हातात सर्टिफिकेट होतं आणि पेनड्राइव्हवर बारा प्रोजेक्ट. मुलाखतीत समोरच्याने प्रोजेक्ट दाखवायला सांगितला. तिने फाइल उघडली, तर ब्राउझरमध्ये नुसती राखाडी चौकट. बाराही फाइलींची तीच गत. आपल्याच हातून काहीतरी राहिलं असं समजून ती घरी परत आली.

तिच्या हातून काहीच राहिलं नव्हतं. तिला सहा महिने शिकवली ती भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट होती, आणि ती चालवणारा फ्लॅश प्लेअर हा जोड-प्रोग्राम ब्राउझरमधून केव्हाच काढून टाकलेला आहे. क्लासच्या पत्रकावर अ‍ॅक्शनस्क्रिप्ट हा शब्द एकदाही नव्हता, फ्लॅश हाही नव्हता. होतं ते 'वेब स्क्रिप्टिंग'. अशी पत्रकं अजून वाटली जातात, म्हणून ही सगळी पद्धत उलगडून सांगणं गरजेचं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्लॅश म्हणजे वेबसाठी हलती चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर. त्याचं मूळ १९९६ सालच्या फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटरमध्ये आहे. त्याच वर्षी मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेतलं. २००० साली फ्लॅश ५ बरोबर अ‍ॅक्शनस्क्रिप्ट हे नाव आलं, २००५ मध्ये मॅक्रोमीडिया अडोबी या कंपनीकडे गेली आणि २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ बरोबर अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आली. त्या काळात वेबवरचे गेम, जाहिराती, हलणारे मेनू सगळं यावरच चालायचं, आणि शिकायला ही भाषा खरोखर चांगली होती. जुलै २०१७ मध्ये अडोबीने जाहीर केलं की ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅश प्लेअर बंद. १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेअर स्वतःच फ्लॅशची फाइल अडवू लागला. त्याच महिन्यात क्रोम आणि फायरफॉक्सने आपल्या नव्या आवृत्त्यांतून फ्लॅशचा आधार काढला. म्हणजे निर्णय आणि अंमलबजावणी यांत साडेतीन वर्षं होती. कुठल्याही क्लासला अभ्यासक्रम बदलायला एवढा वेळ पुरतो.

मग सहा महिने रोज संगणकापुढे बसून विद्यार्थ्याच्या हे लक्षात का येत नाही? कारण त्याला ब्राउझर उघडायची वेळच येऊ देत नाहीत. लॅबमध्ये फ्लॅशची जुनी आवृत्ती टाकलेली असते. टाइमलाइनवर (फ्रेमच्या पट्टीवर) चेंडू काढायचा, पहिल्या फ्रेमवर आणि चाळिसाव्या फ्रेमवर की-फ्रेम देऊन त्याची जागा ठरवायची, मधल्या फ्रेम आपोआप भरणारं ट्वीन टाकायचं आणि कंट्रोल-एंटर दाबायचं. चेंडू पळतो! पण तो पळतो फ्लॅशच्या स्वतःच्या चाचणी-खिडकीत. त्या खिडकीचा ब्राउझरशी काही संबंध नसतो. घरी दाखवायला हवं असेल तर सर त्याची एक्झी फाइल करून देतात. तिच्यात प्लेअर आतच बांधलेला असतो, म्हणून ती विंडोजच्या पीसीवर चालते. मोबाइलवर ती उघडत नाही, आणि 'मोबाइलचं आपण नंतर शिकणार आहोत' असं सांगितलं जातं. आयफोनवर तर फ्लॅश कधीच नव्हता. हे 'नंतर' येतच नाही.

त्या मुलीची वही पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या पंधरा पानांत बटणावर क्लिक करून 'ऑन रिलीज' हा कोड थेट त्यावर लिहायला शिकवलंय. ही अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ ची पद्धत. विसाव्या पानापासून 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर' सुरू होतं, ती ३ ची पद्धत. मधे एक ओळही खुलासा नाही. ३ च्या फाइलमध्ये कोड थेट बटणावर लिहिता येत नाही. लिहिला तर फ्लॅश इशारा देतो आणि तो कोड सोडून देतो. बटण गप्प बसतं. तिने तीन ठिकाणी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'माझं चालत नाही, सरांना विचारणे'. शिकवणाऱ्यालाच दोन आवृत्त्यांतला फरक माहीत नव्हता, हे या तीन ओळींवरून कळतं.

पकडले गेल्यावर क्लासवाल्यांची उत्तरं ठरलेली असतात. त्यांतलं सगळ्यांत घातक उत्तर म्हणजे 'जुना फ्लॅश प्लेअर डाउनलोड करून टाक'. असं अजिबात करू नका. अडोबीने डाउनलोडची पानं बंद केली आहेत. 'फ्लॅश प्लेअर अपडेट' या नावाखाली मालवेअर पसरवणं हा फार जुना धंदा आहे, आणि फ्लॅश बंद झाल्यावरही तो थांबलेला नाही. फुकट 'क्रॅक' केलेल्या फ्लॅश सॉफ्टवेअरचीही तीच गोष्ट. असं काही टाकल्यावर खात्यातून पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

दुसरं उत्तर 'रफल वापर'. रफल हा फुकट आणि चांगला एम्युलेटर आहे, म्हणजे फ्लॅश प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्राम. जुने गेम जपण्यासाठी तो बनवला आहे आणि अ‍ॅक्शनस्क्रिप्ट १ व २ चं बरंचसं काम तो नीट चालवतो. ३ चं काम अजून अपुरं आहे. पण जुना गेम जिवंत ठेवायला एम्युलेटर वापरणं वेगळं आणि नव्या नोकरीसाठी त्याच्या भरवशावर शिकणं वेगळं. तिसरं उत्तर 'एअरमध्ये अजून चालतं'. हे खरं आहे. अडोबी एअर हे ब्राउझरशिवाय अ‍ॅप चालवणारं साधन आता हरमन कंपनी सांभाळते आणि त्यावर अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये अ‍ॅप बनतात. पण पत्रकावर क्लासने वेब लिहिलं होतं, आणि एअरचं अ‍ॅप ब्राउझरमध्ये उघडत नाही.

चौथं उत्तर जरा फसवं आहे, म्हणून त्यावर थांबायला हवं. 'आम्ही अ‍ॅनिमेट शिकवतो, त्यातून एचटीएमएल५ निघतं.' एचटीएमएल५ म्हणजे वेबपानांची आजची भाषा. फ्लॅशचंच नाव २०१६ मध्ये अ‍ॅनिमेट झालं, आणि त्यातून एचटीएमएल५ कॅनव्हासची फाइल खरोखर निघते. आतली भाषा मग जावास्क्रिप्ट असते आणि सोबत क्रिएटजेएस ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, येते. हे मोबाइलवरही चालतं. प्रश्न असा की क्लास त्यातली जावास्क्रिप्ट शिकवतो की फक्त 'पब्लिश'चं बटण दाबायला शिकवतो? नुसतं बटणच शिकवलं जात असेल तर विद्यार्थ्याला निघालेल्या फाइलमधली एक ओळ बदलता येत नाही. खात्री करायची असेल तर सरांना विचारा: एखादं चित्र पडद्याच्या रुंदीप्रमाणे लहान-मोठं करायचं असेल तर कोणती ओळ बदलायची, आणि ती आत्ता बदलून दाखवा.

आता डेमो लेक्चरबद्दल. पैसे भरण्याआधी तुमच्या हातात असलेली ही एकच खरी संधी, म्हणून ती वाया घालवू नका. सरांनी जे अ‍ॅनिमेशन दाखवलं, ते इंटरनेटवर टाकून लिंक द्यायला सांगा. गिटहब पेजेस या सेवेवर ते फुकट टाकता येतं, माहीतगाराला दहा मिनिटंही लागत नाहीत. ती लिंक स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर उघडा. क्लासचं वाय-फाय नको, क्लासचा पीसी तर नकोच. चित्र हललं, बोट लावल्यावर प्रतिसाद दिला, तर पुढे बोला. 'सर्व्हरला आज प्रॉब्लेम आहे' असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, पण पैसे न भरता.

शिकवणाऱ्याची पारख करायची असेल तर एक प्रश्न पुरतो: चेंडू दर फ्रेमला ५ पिक्सेल पुढे सरकवला, तर ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) आणि १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर तो सारख्याच वेगाने जाईल का? उत्तर 'नाही' असं आहे. पहिल्यावर तो सेकंदाला ३०० पिक्सेल जाईल, दुसऱ्यावर ६००. म्हणून ब्राउझरचं 'रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम' हे फंक्शन आपल्याला जी वेळ मिलिसेकंदात देतं, तिचा हिशोब धरून चेंडू सरकवायचा असतो. रोज हे काम करणारा माणूस अर्ध्या मिनिटात समजावून देईल. जमलंच तर हेही विचारा की वस्तू हलवताना तिची जागा सांगणारे 'लेफ्ट' आणि 'टॉप' बदलण्याऐवजी 'ट्रान्सफॉर्म' का वापरायचं. पहिल्या दोन्हींत ब्राउझरला दर वेळी पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते आणि साध्या मोबाइलवर अ‍ॅनिमेशन अडखळतं. यावर 'ते अ‍ॅडव्हान्समध्ये येईल' असं उत्तर मिळालं तर सरांनाच ते येत नाही असं समजा, कारण ही पहिल्या महिन्यातली गोष्ट आहे.

साधनांसाठी तर वेगळे पैसे देऊच नका. कोड लिहायचा व्हीएस कोड फुकट, ब्राउझर फुकट, एमडीएन या संदर्भ-साइटवरची माहिती फुकट. त्रिमितीय चित्रांची थ्री-जेएस ही लायब्ररी मुक्त परवान्याखाली आहे. जीसॅप या लोकप्रिय लायब्ररीचे स्प्लिटटेक्स्ट, मॉर्फएसव्हीजी असे प्लगइन पूर्वी सभासदांनाच मिळत; एप्रिल २०२५ पासून तेही सगळ्यांसाठी, व्यावसायिक कामासाठीसुद्धा, मोफत आहेत. तरी 'प्रीमियम प्लगइन किट' म्हणून तेच विकलं जातं.

फीच्या बाबतीत सगळ्यांत मोठा घोळ हप्त्यांचा आहे. काउन्सेलर म्हणतो, 'फी हप्त्याने भरा, व्याज शून्य', मोबाइलवर ओटीपी येतो, 'ही फक्त नोंदणी आहे' म्हणून तो मागितला जातो. प्रत्यक्षात त्या ओटीपीने वित्त कंपनीचं कर्ज तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर चढतं. कंपनी फीची रक्कम क्लासला एकदम देते. क्लास दुसऱ्या महिन्यात बंद पडला, सर सोडून गेले, तरी हप्ता तुमच्या खात्यातून कापला जातो, कारण तुमचा करार कंपनीशी आहे. ओटीपी देण्याआधी कर्जाचं मुख्य तथ्य पत्रक (की फॅक्ट स्टेटमेंट) मागा. ते देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, आणि त्यात वार्षिक दर, सगळी शुल्कं आणि कर्जातून बाहेर पडण्याची मुदत लिहिलेली असते. डिजिटल कर्जाला ही मुदत किमान एक दिवस असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. म्हणून अ‍ॅडमिशन झाल्यावर त्याच रात्री घरी कागद वाचा, रविवारची वाट बघू नका.

आणि 'सरकारमान्य' हा शब्द. भिंतीवर उद्यम नोंदणीचा कागद लावलेला असतो. ती नोंदणी कुठलाही व्यावसायिक ऑनलाइन फुकट करतो. त्याने कोर्सला मान्यता मिळत नाही. आयएसओ प्रमाणपत्र हे संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीचं असतं, शिकवण्याच्या दर्जाचं नसतं. कोर्स खरोखर मान्य असेल तर तो राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत सापडतो; नंबर मागा आणि स्वतः शोधा. 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं.

पैसे गेले असतील तर आधी कागद गोळा करा: पत्रक, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण, न उघडणाऱ्या फाइली आणि त्या उघडताना केलेलं मोबाइलवरचं शूटिंग. क्लासला लेखी पत्र द्या. त्यात, पत्रकावर 'वेब' असं छापून ब्राउझरमध्ये न चालणारी भाषा शिकवली, एवढा एकच मुद्दा तारखांसकट मांडा. चार तक्रारी एकत्र केल्या की मूळ मुद्दा हरवतो. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवर करता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. कर्ज असेल तर वित्त कंपनीला वेगळं लेखी कळवा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जा. रागाच्या भरात बँकेतून हप्ता थांबवू नका. दंड लागतो आणि सिबिल बिघडतं, ते तुमच्या नावावर राहतं.

आता त्या वहीचं काय करायचं? फेकू नका. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट दोन्ही इक्मास्क्रिप्ट या एकाच प्रमाणाच्या घराण्यातल्या. व्हेरिएबल, इफ, फॉर लूप, फंक्शन, अ‍ॅरे हे जवळजवळ तसंच्या तसं वापरता येतं. 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर' तर जावास्क्रिप्टमध्ये त्याच नावाने आहे; 'माउसइव्हेंट डॉट क्लिक'च्या जागी अवतरणचिन्हात नुसतं 'क्लिक' लिहायचं. 'ऑन रिलीज'ची पंधरा पानं मात्र सोडून द्या. जुनं टाइमलाइनचं काम अ‍ॅनिमेटच्या कॅनव्हास फाइलमध्ये न्यायचं असेल, तर ठरावीक फ्रेमवर उडी मारायला सांगणाऱ्या 'गोटूअँडप्ले'च्या कंसातला प्रत्येक आकडा एकने कमी करा: फ्लॅशमध्ये फ्रेम १ पासून मोजल्या जातात, कॅनव्हासमध्ये ० पासून. त्या मुलीच्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये असे सात आकडे होते. ते बदलले, 'स्टॉप'च्या आधी 'धिस डॉट' जोडलं, आणि चेंडू तिच्या मोबाइलवर पळाला.