सोयाबीन झाकायची ताडपत्री: जीएसएम बघाच, पट्टीही ओढून बघा

सोयाबीनची काढणी आली की लातूर-नांदेडच्या मोंढ्यात १८ बाय २४ फुटी एचडीपीई (एक प्रकारचं प्लॅस्टिक) ताडपत्र्यांच्या थप्प्या लागतात. '२५० जीएसएम'वाली, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारी ताडपत्री बनीम (कापलेल्या सोयाबीनची गंजी) झाकायला पुरेशी आहे, फक्त छाप खरा हवा. हे माप साधारण ४० चौरस मीटर भरतं, म्हणजे वजन १० किलोच्या आसपास पाहिजे. काट्यावर ८ किलोच भरली तर माल २०० जीएसएमचा, छाप काहीही म्हणो.

वजन बरोबर असूनही ताडपत्री दगा देते ती पट्टीमुळे, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी ती विणलेली असते त्यांच्यामुळे. कारखान्यात प्लॅस्टिकचा पापुद्रा पाण्यात गार करून चिरतात आणि त्या पट्ट्या गरम करून पाच ते सात पट ताणतात. ताकद येते ती इथे. ताणाने रेणूंच्या गुंतलेल्या साखळ्या सरळ होतात, आधीचे स्फटिक मोडून ताणाच्या दिशेने नव्याने रचले जातात. ताण कमी पडला तर पट्टी मऊ राहते, ओढली की मधेच बारीक होत लांबत जाते. जास्त झाला तर उभी चिरून केसासारखे तंतू सुटतात, कारण सगळी ताकद लांबीकडे गेलेली असते. ताणून झाल्यावर पट्टी पुन्हा तापवून किंचित सैल सोडावी लागते. घाईत हे टाळलेला माल उन्हात आकसतो, कडा वळतात.

म्हणून कडेचा लेप नखाने सोलून एक पट्टी सोडवा आणि ओढा. थोडी ताणून तटकन तुटली तर चांगली. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

एचडीपीईचा एक दोष मात्र महागड्या ताडपत्रीतही आहे: भार कायम राहिला की ती हळूहळू लांबते. चौरस मीटरभर जागेत १० सेंमी पाणी साचलं तर १०० किलो होतात. तिथे झोळ पडतो, झोळात आणखी पाणी येतं. बनीम मधे उंच रचा, ताडपत्री उतरती ठेवा. दोरी कडेच्या एकाच रिंगला करकचून बांधू नका, सगळ्या रिंगांतून ओवून घ्या. फाटायला सुरुवात बहुधा रिंगेपासूनच होते. यूव्हीचा (उन्हातल्या अतिनील किरणांपासून संरक्षणाचा) उल्लेख नसलेली स्वस्तातली निळी ताडपत्री एका हंगामापुरतीच धरा, आणि काम झालं की उन्हात पडू देऊ नका.