चार एककं दाखवणारा हवेचा पंप: मोरजीतल्या स्कूटरवालीचा अभिप्राय

गोव्यात मोरजीला आमच्या भाड्याच्या स्कूटर आहेत. गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी दोन्ही चाकांची हवा मी स्वतः बघते. रेती आणि खड्डे असलेल्या रस्त्यावर हवा कमी असली तर गाडी घसरते आणि पडतो तो परका माणूस. म्हणून चार्जिंगचा हातात मावणारा पंप घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ह्याच साच्याचे पंप बाजारात अनेक नावांनी मिळतात.

आकडा लावून बटण दाबलं की तेवढी हवा भरून आपोआप बंद होतो. ह्यात काही नवीन नाही. मी घेतला तो हवेचा दाब मोजायच्या चार एककांसाठी: पीएसआय (एका चौरस इंचावर किती पाउंड भार), बार, केपीए (किलोपास्कल) आणि किलो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो भार ते. आमच्याकडे ह्या चारही भाषा रोज कानावर पडतात. मेकॅनिक पीएसआय बोलतो, जुन्या गॅरेजमधल्या मीटरवर किलोचे आकडे, जर्मन पाहुणा बार मागतो. आणि मोरजीत रशियन पाहुणे पुष्कळ, ते म्हणतात ‘दोन अ‍ॅटमॉस्फिअर’. पंपावर ते एकक नाहीच. पण टायरच्या बाबतीत त्यांच्या बोलण्यातलं अ‍ॅटमॉस्फिअर बहुतेक वेळा आपल्या किलोएवढंच असतं, म्हणून मी किलोवर 2.0 लावते. 1 किलो म्हणजे 14.2 पीएसआय, 1 बार म्हणजे 14.5 आणि शास्त्रातलं प्रमाण अ‍ॅटमॉस्फिअर 14.7. म्हणजे ‘दोन’ कुठल्याही अर्थाने घ्या, 28.4 ते 29.4 पीएसआयच्या मध्येच बसतात. आमच्या स्कूटरला एकटा बसणार असेल तर मागे 29 लागतात, तेव्हा इथे जीव टांगणीला लावायचं कारण नाही.

खरी गोम दशांशात आहे, आणि ती विकणारा सांगत नाही. हा पंप बार एकाच दशांशापर्यंत दाखवतो. एक घर सरकलं की जवळजवळ दीड पीएसआयचा फरक. 33 पीएसआय म्हणजे 2.28 बार आणि 34 म्हणजे 2.34, पडद्यावर दोन्ही 2.3! मागचं चाक रात्रीतून एक पीएसआय उतरलं तर बारवर ते दिसणारच नाही, आणि बारीक पंक्चर असंच सुरू होतं. केपीएवर तेच 234 चे 228 झालेले स्पष्ट दिसतात. म्हणून तपासायचं असेल तेव्हा मी केपीए लावते. 100 केपीए म्हणजे बरोबर 1 बार, तेव्हा शंभराने भागलं की बारही आपोआप मिळतो, तोही दोन दशांशांत.

दुसरा दोष मला जास्त खटकतो. 34 पीएसआय लावा, गिऱ्हाइकाला दाखवायला बारवर जा (2.3 दिसेल) आणि परत पीएसआयवर या. पडद्यावर 33! यंत्र मूळ आकडा लक्षात ठेवत नाही, गोल केलेला आकडाच पुन्हा उलटा फिरवतं. एकक बदललं की लावलेला आकडा परत बघायचाच. एवढी साधी गोष्ट बनवणाऱ्यांनी सुधारायला हवी होती.

एक प्रश्न माझ्या भाच्याने विचारला तो इथे सांगते, कारण मोबाईलवर हिशेब करणारे अडतात तिथेच. नळी मोकळी असताना पंप 0 दाखवतो. मग बाहेरच्या हवेचा दाब कुठे गेला? तो आहेच, समुद्रसपाटीला साधारण 101 केपीए. टायरचा मीटर फक्त त्याच्या वरचा दाब मोजतो. त्यामुळे एकक बदलताना नुसता गुणाकार करायचा, बाहेरची हवा मिळवायची नाही.

बाकी ठीक. आवाज मोठा आहे, दुपारी शेजारची माणसं आडवी झालेली असताना लावायची सोय नाही. लागोपाठ चाकं भरली की नळीचं पितळी तोंड चांगलंच तापतं, फडक्याने धरा. आणि हवा सकाळी, गाडी फिरायच्या आधीच मोजा. टायर दहा अंश सेल्सिअसने तापला की साधारण दीड पीएसआय वाढून दिसतो, आणि उन्हात उभ्या गाडीचा आकडा बघून कोणी हवा काढली तर रात्री चाक कमी भरेल.

स्कूटर, सायकल आणि अडीअडचणीला चारचाकी ह्यांच्यासाठी जरूर घ्या. विकत घेताना दुकानातच 34 लावून बारवर जाऊन परत या. 34 च दिसले तर तो पंप माझ्यापेक्षा चांगला आहे.