रात्री पावणेतीनला लावलेला १४४१६

मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. बीएएमएस. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरून पेशंट उचलायचे, ग्रामीण रुग्णालयात आणायचे आणि पुढे पाठवले तर नाशिकला सिव्हिलला न्यायचे, हे सात वर्षं करतेय. टेली-मानस (१४४१६) या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्यातल्या अनेकांना हा नंबर पाठ आहे, कारण पेशंटच्या नातेवाइकांना तो आपणच देतो. स्वतःसाठी लावलेलं मात्र मला अजून कोणी भेटलेलं नाही.

आधी काय झालं ते सांगते. मागच्या पावसाळ्यात सावळघाटात गाडीतच डिलिव्हरी झाली. गाडीत डिलिव्हरी होणं आम्हाला नवीन नाही. पण हे बाळ रडलं नाही. पुसलं, पाठ चोळली, तोंड आणि नाक सक्शन केलं, तरी नाही. अंग निळसर, आणि हात उचलून सोडला की तसाच खाली पडायचा. अ‍ॅम्बूबॅग म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी; नवजात बाळाचा तिचा मास्क एवढासा असतो, दोन बोटांत मावणारा. तो डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही, हनुवटी सोडायची नाही, आणि मिनिटाला चाळीस ते साठ श्वास द्यायचे. "दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन." मी मोठ्याने म्हणत होते. आशाताई आईचा हात धरून बसल्या होत्या. पायलट मामांनी गाडी कडेला लावली आणि मागे येऊन टॉर्च धरला. बाळ रडलं. किती वेळाने, ते मला आजही सांगता येत नाही. कागदावर मी तीन मिनिटं लिहिलंय.

आठवड्याने बाळाचे वडील पेढे घेऊन आले. सगळ्यांनी कौतुक केलं. आणि त्याच आठवड्यापासून माझं बिनसलं. डिलिव्हरीचा कॉल म्हटला की तोंड कोरडं पडायचं, बोटं गार व्हायची. ड्युटीवर चढलं की डिलिव्हरी किट उघडून बाळाचा मास्क आहे ना ते बघायचं, किट बंद करायचं, परत उघडायचं. एकदा मोजलं, एका रात्रीत अकरा वेळा. घरी कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स व्हायचं. पेशंट गेला असता तर कोणीतरी पाठीवर हात ठेवला असता. वाचलेल्या बाळासाठी रडायला कोणापुढे जायचं?

आधी एका खासगी अ‍ॅपवर पैसे भरून बोलले होते. समोरचा माणूस वाईट नव्हता, पण महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो हे त्याला समजावण्यातच निम्मा वेळ गेला. शेवटी त्याने महिनाभर सुट्टी घ्या असं सांगितलं. मला सुट्टी नको होती. मला किट उघडायचं थांबवायचं होतं.

मग एका रात्री, पावणेतीनला, सिव्हिलला पेशंट सोडून परत येताना चहासाठी थांबलो होतो तेव्हा गाडीच्या मागे उभी राहून १४४१६ लावला. भाषा निवडायची असते, मी मराठी निवडली. नाव सांगितलं नाही, त्यांनीही आग्रह धरला नाही. फोनवर एक ताई आल्या. मी घडाघडा तांत्रिक भाषेत बोलत सुटले, हार्ट रेट किती, सक्शन कधी केलं, जणू केस हँडओव्हर करतेय. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "बाळ रडेपर्यंत तुमचं स्वतःचं काय चाललं होतं, मॅडम?" हे मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी रडले. त्या थांबल्या. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगा, असं त्यांनी अजिबात म्हटलं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. घटना घडल्याबरोबर प्रत्येकाला बसवून सगळं ओकायला लावणं उपयोगाचं नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही मार्गदर्शन आहे. आपल्याकडे मात्र प्रेमाने का होईना, "बोल, मोकळी हो" असा लकडा लावतात.

दुसरी गोष्ट श्वासाची. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं त्या सांगायला लागल्या. सोडता श्वास लांबवला की हृदयाचे ठोके उतरतात, हे मी शिकलेली आहे, पेशंटलाही सांगते. पण "एक, दोन, तीन" सुरू झालं आणि मी परत त्या गाडीत, हातात बॅग. तसं त्यांना सांगितलं. त्यांनी आकडे तिथेच सोडले आणि विचारलं, "घरात कोणी जात्यावरच्या ओव्या म्हणायचं का?" माझी आजी म्हणायची. एक ओळ अर्धीमुर्धी आठवली. ती सोडत्या श्वासावर, तोंड मिटून गुणगुणायची. रस्त्याच्या कडेला, अंगावर अ‍ॅप्रन, मी आजीची ओवी गुणगुणत होते आणि बोटांत ऊब येत होती.

किटचा उपायही त्याच फोनवर निघाला. तपासायचं नाही असं ठरवून चालणार नाही, ते आपलं कामच आहे. तर ड्युटीच्या सुरुवातीला एकदा, यादी हातात घेऊन तपासायचं. मग किटच्या चेनवर चिकटपट्टी, त्यावर तारीख, वेळ, सही. पट्टी शाबूत असेल तर हात लावायचा नाही, कितीही वाटलं तरी. पहिली रात्र फार जड गेली. माझी नजर पट्टीवरून हटत नव्हती. आता पट्टी लावते आणि विसरते. कधीतरी आठवते, पण उघडत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली, बेंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था तिची मुख्य संस्था. चोवीस तास, मोफत. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञांकडे किंवा प्रत्यक्ष ओपीडीत जोडून देतात. मलाही सिव्हिलच्या मानसिक आरोग्य ओपीडीत जायला सांगितलं, तीनदा गेले. गोळ्या लागल्या नाहीत. लागल्या असत्या तर घेतल्या असत्या.

फोनवर सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. समोरासमोर बसून बोलण्याची जागा फोन घेत नाही. शिवाय घाटात रेंज जाते, म्हणून गाडी चालू असताना लावू नका, कुठेतरी थांबून लावा. पण सुट्टी मिळेपर्यंत आणि ओपीडीचा वार येईपर्यंत मधे ज्या रात्री असतात, त्या रात्रींसाठी मला आजवर याच्याइतकं कामाचं काही सापडलेलं नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच.

परवा पायलट मामांनी विचारलं, "मॅडम, त्या रात्री तुम्ही कोणाशी बोलत होता?" सांगितलं. काही बोलले नाहीत. नाशिक येईपर्यंत नाही. सिव्हिलच्या गेटवर गाडी लावली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला, "घालून द्या नंबर. नाव मात्र दुसरं टाका, घरी पोरं बघतात." मी 'मानस टायर' म्हणून सेव्ह करून दिला.