वाड्याचं शिसव म्हणून रंगवलेलं आंब्याचं लाकूड विकलं, सुऱ्या बनवणाऱ्यांनी जरूर वाचा

मी चार वर्षं झाली सुट्टीच्या दिवशी सुऱ्या बनवतो. पातं भंगारातल्या गाडीच्या कमानपाट्याचं, ठोकून आणि पाणी देऊन आमच्याकडचे लोहारकाका देतात, बाकी घासणं, मूठ बसवणं, धार लावणं सगळं मी करतो. मुठीला शक्यतो जुनंच लाकूड वापरतो, कारण ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, नंतर आकसत नाही. पुण्यात पेठांमधले वाडे पडतात तिथून किंवा टिंबर मार्केटमधून तुकडे मिळतात पण ते बहुतेक सागाचे. शिसव मात्र सहज मिळत नाही, आणि तिथेच मी फसलो.

ऑनलाइन एका माणसाने जुन्या वाड्याच्या तुळईचं शिसव म्हणून मुठीच्या कापलेल्या पट्ट्या विकायला टाकल्या होत्या. मुठीच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या, ती एक जोडी. मी आधी सॅम्पल म्हणून २ जोड्या ६०० रुपयांना मागवल्या. माल अस्सल होता, जांभळट काळा रंग, पॉलिश पेपर मारला की तो गोडसर वास. मग मी निर्धास्त होऊन २५ जोड्या ३५० ने आणि म्हशीच्या शिंगाच्या ५ जोड्या ४५० ने मागवल्या, एकूण ११,००० रुपये, सगळे आधी यूपीआयने पाठवले. तो सांबरशिंग पण देतो म्हणाला, जंगलात गळून पडलेलं असतं, चालतं म्हणाला. अजिबात चालत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गळून पडलेल्या शिंगाची खरेदी-विक्री पण गुन्हा आहे. मी नाही म्हटलं, पण असलं विकणाऱ्या माणसाशी तिथेच व्यवहार थांबवायला हवा होता.

आणि खरं तर तुळई म्हटल्यावरच मला कळायला हवं होतं. वाड्याच्या तुळया, खांब सागाचे असतात हो, शिसव जायचं पलंगाला, झोपाळ्याला, पेटीला. शिसवाची तुळई कोण घालणार?

पार्सल आलं, पट्ट्या दिसायला सॅम्पलसारख्याच, हातात जड पण लागल्या. रिव्हेटसाठी भोक पाडताना आधी भुगा काळपट आला आणि मध्ये फिकट पिवळा, परत शेवटी काळपट. मला वाटलं सालीकडचं पांढरं लाकूड असेल, शिसवात ते असतं, म्हणून पुढे गेलो. वरून जवसाचं तेल दिलं की सगळं गडद दिसायचं. ७ सुऱ्या केल्या, ५ विकल्या, आणि प्रत्येकाला मी स्वतः तोंडाने सांगितलं की हे वाड्याचं शिसव आहे.

महिन्याभराने शेजारच्या काकूंचा फोन, अरे मुळा चिरला तर फोडींवर चॉकलेटी बोटं उमटतायत. मी पळत गेलो. ओल्या हाताने मूठ धरली की रंग सुटत होता, जेवणाच्या वस्तूवर. शिवाय लाकूड आकसून मुठीतल्या पोलादाची कड दोन्ही बाजूंनी बोटाला टोचत होती. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. उरलेल्या पट्ट्या ओळखीच्या सुतारमामांकडे नेल्या, त्यांनी रंध्याचे दोन-चार हात मारले आणि म्हणाले हा आंबा आहे, तो पण ओला, रंगात मुरवलेला. ओला होता म्हणूनच जड लागला होता. शिंगाला तापवलेली सुई टोचली तर जळालेल्या केसाचा वास यायला हवा, प्लॅस्टिकचा आला.

आता मी काय करतो ते सांगतो. लॉटमधली कुठलीही एक पट्टी मधोमध कापायची, सॅम्पलवर विश्वास ठेवायचा नाही. स्पिरिटचा बोळा फिरवून बघा असं बरेच जण सांगतात पण खऱ्या शिसवाचा पण रंग थोडा उतरतो, त्यावरून ठरवू नका. माल आल्या दिवशी वजन करून तारीख टाकायची आणि पंधरा दिवसांनी परत करायचं, जुनं वाळलेलं लाकूड फारसं हलत नाही, ओलं सरळ उतरतं. आणि खिळ्यांची भोकं नीट बघा. सागात वगैरे लोखंडी खिळा वर्षानुवर्षं राहिला की भोकाभोवती काळा डाग मुरलेला असतो. माझ्या पट्ट्यांना जुनेपणा दाखवायला भोकं पाडली होती पण आतून स्वच्छ, कालच ड्रिल मारल्यासारखी.

पाचही जणांना फोन करून खरं सांगितलं. तिघांनी पैसे परत घेतले, काकूंना आणि अजून एकाला सागाच्या चौकटीच्या तुकड्याची मूठ बसवून दिली, ती चौकट मी स्वतः उतरवताना बघितली होती. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार केली, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर पण केली, सगळे स्क्रीनशॉट दिलेत, अजून पैसे आलेले नाहीत. विकणाऱ्याने नंबर बंद केलाय.

परवा मला तेच फोटो दुसऱ्या नावाने टाकलेले दिसले, तोच निळा ताडपत्रीचा तुकडा, त्यावर त्याच पट्ट्या, आणि खाली लिहिलंय आधी २ जोड्या सॅम्पल मागवून खात्री करा.