जुन्या चेनसॉचा कार्बोरेटर: किट टाकावं की नवाच बसवावा?

पावसाळाभर गोठ्यात पडून असलेली चेनसॉ दिवाळीनंतर धुऱ्यावरची बाभूळ तोडायला काढली, की दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागतो आणि मशीन नुसती खोकते. मेस्त्रीकडे नेली तर उत्तर ठरलेलं असतं: "भाऊ, नवाच कार्बोरेटर टाका ना, कायले डोकं खपवता?" त्याचं अगदीच चूक नाही. डुप्लिकेट कार्बोरेटर घरपोच मिळतो, दोन नट सोडले की बसतो. दुसरा रस्ता म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा हा जुनाच भाग उघडायचा, धुवायचा आणि आत डायफ्रामचं, म्हणजे पातळ पडद्यांचं, किट टाकायचं. मी एकाच मशीनवर दोन्ही चालवून पाहिलंय. माझं मन कुठे झुकलं ते पुढे दिसेलच, पण माझी मशीन जुनी, कंपनीची, भरपूर राबलेली आहे. तुमची वेगळी असेल तर हिशोबही वेगळा होऊ शकतो.

पैसे घालण्याआधी दोष कार्बोरेटरचाच आहे ना, एवढं पाहून घ्या. पुष्कळदा नसतो. दोरी चांगली ओढून प्लग काढा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल वर येतच नाही. चिंब असेल तर नको तेवढं येतंय, किंवा ठिणगीची भानगड आहे. चालता चालता मशीन दम तोडत असेल आणि टाकीचं झाकण ढिलं केल्यावर सावरत असेल, तर व्हेंट, म्हणजे टाकीत हवा जायचं भोक, बुजलंय. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढा आणि त्याची नळी बोटांत वाकवून पाहा, बारीक चीर सरळ नळीवर दिसत नाही. सायलेन्सरच्या तोंडची जाळी कार्बनने भरली तरी मशीन सुरू होते पण रेस घेत नाही, आणि खापर फुटतं कार्बोरेटरवर.

एक लक्षण मात्र वेगळं काढा. रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता उंचच रेंगाळत असेल, तर मशीन बंद करा. कुठून तरी फुकटची हवा आत जातेय: कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी बूट फाटला असेल, नाहीतर क्रँकचं सील गेलं असेल. अशा मशीनवर नवा कार्बोरेटर बसवून पेट्रोल वाढवलं की काही दिवस बरं चालतं, मग पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. इथे किटही कामाचं नाही आणि नवा कार्बोरेटरही नाही.

आता पेट्रोलचं. देशात २०२२ च्या जूनमध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. बहुतेक चेनसॉच्या पुस्तकात मुभा १० टक्क्यांपर्यंतचीच असते, आणि आपल्या जुन्या मशिनी तर त्याच्याही आधीच्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. अर्धी भरलेली टाकी श्रावण-भादव्यात गोठ्यात राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, पेट्रोलात मिसळलेलं टू-टीचं (टू-स्ट्रोक इंजिनचं) तेल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर वजनदार असतो, तो पडून असतो नेमका तळाशी. म्हणजे पहिल्या घोटाला मशीनला मिळतं ते बिनतेलाचं पाणचट द्रव. त्यामुळे मशीन ठेवताना टाकी रिकामी करून, सुरू करून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तुम्ही कुठलाही पर्याय घ्या, हे केलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच याल.

किटची बाजू आधी सांगतो. जुना कार्बोरेटर उघडला की एका झाकणाखाली पंपाचा पातळ डायफ्राम निघतो आणि दुसऱ्याखाली मीटरिंगचा, म्हणजे पेट्रोल बेताने सोडणारा, मध्ये धातूचं टिकलं असलेला. हा दुसरा बोटाने दाबून पाहा. मऊ असायला हवा. माझा पापडासारखा कडकड वाजला. एवढा ताठ डायफ्राम आतली तरफ नीट दाबू शकत नाही, पेट्रोल सोडणारी सुई पुरती उघडत नाही आणि मशीन उपाशी राहते. थंडीत चोक ओढून सुरू होते, चोक काढला की मरते, ते याचमुळे.

काम कठीण नाही, किचकट आहे. पंपाच्या आतल्या तोंडाशी टिकलीएवढी बारीक जाळी असते, ती बुजलेली असली तर बाकीची सगळी मेहनत वाया. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, तार घालू नका, भोक मोठं झालं की कार्बोरेटर गेलाच समजा. हवा मारायची तर दोन्ही डायफ्राम काढून, तीही बेताने. तरफेची उंची मॉडेलप्रमाणे वेगळी असते, म्हणून उघडताच मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवावा. तरफ उंच राहिली तर मशीन पेट्रोल पिते, खाली राहिली तर तहानलेली राहते. आणि क्रम: पंपाच्या बाजूला बॉडीला आधी डायफ्राम लागतो, वर गॅस्केट, मीटरिंगच्या बाजूला आधी गॅस्केट, वर डायफ्राम. हे उलटसुलट झालं की मेस्त्री म्हणतो, "किट डुप्लिकेट होतं."

किटची खरी अडचण मिळण्याची आहे. तालुक्याच्या गावात विचारलं तर दुकानदार मोटारसायकलचं किट पुढे करतो. नागपूर-अमरावतीला मिळतं, पण कार्बोरेटरच्या बॉडीवर कोरलेला नंबर सांगता आला तरच. मशीनचं मॉडेल सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या सालांत वॉल्ब्रो कंपनीचाही कार्बोरेटर असू शकतो आणि झामा कंपनीचाही. घेताना सुई, तरफ आणि स्प्रिंग असलेलं पुरं किट घ्या. सुईच्या टोकाला घासून कडी पडली असेल तर नुसत्या डायफ्रामने भागत नाही.

नव्या डुप्लिकेटबद्दल वाईट बोलायला सुरुवातीला माझ्याकडे काही नव्हतं. किटपेक्षा महाग, पण खिसा फाटेल इतका नाही. कंपनीचा अस्सल नवा घेतला तर जुन्या मशीनच्या किमतीशीच भांडायची वेळ येते. सोबत गॅस्केट, नळी, कधी प्लगही येतो. बसवला, दोरी ओढली, मशीन सुरू. वाळलेली संत्र्याची झाडं काढायची होती, तेवढं काम त्याने बिनबोभाट केलं. ताकद कमी वाटली नाही. पेट्रोल जरा जास्त पीत असावी असं वाटलं, पण ते मी मोजलेलं नाही.

बिनसलं ते आयडलवर, म्हणजे रेस न देता मशीन नुसती चालू असताना. सकाळी गारव्यात आयडलचा स्क्रू लावून घेतला की मशीन छान गुरगुरत उभी राहायची, चेन स्थिर. दुपार होईपर्यंत एकतर बंद पडायची, नाहीतर रेस न देता चेन सरकू लागायची. उन्हाने थोडा फरक पडतोच, गरम हवा विरळ असते, हे मान्य. पण जुन्या कार्बोरेटरवर तो फरक असा नव्हता. शेवटी बायकोच्या नेलपॉलिशची एक रेघ स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर ओढली. दुपारी पाहिलं तर रेघ मोडलेली, स्क्रू आपसूक फिरलेला. खालची स्प्रिंगच इतकी मऊ, की थरथरीपुढे टिकत नव्हती. स्प्रिंग थोडी ताणून पाहिली, तेवढ्यापुरतं थांबलं.

कुणी म्हणेल, स्क्रू फिरवायला काय लागतं? एकदा फिरवायला काहीच नाही. पण बाभळीच्या काट्यांत गुडघ्यावर बसून, हातमोजे काढून, घाम पुसत तोच स्क्रू दर थोड्या वेळाने शोधायचा म्हणजे कामाची लय जाते. आणि सरकती चेन हातात घेऊन धुऱ्यावरून चालणं मला पटत नाही, घरचं पोरगं फांद्या ओढायला सोबत असताना तर नाहीच. एवढ्या एका गोष्टीपायी मी जुना कार्बोरेटर पुन्हा उघडला, पुरं किट टाकलं आणि तोच चढवला. त्याच्या स्क्रूवरची रेघ जागच्या जागी आहे.

आणखी एक फायदा मला नंतर कळला. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मशीन आधीपेक्षा पातळ मिश्रणावर चालते, म्हणून एल (कमी रेसच्या पेट्रोलचा) आणि एच (पूर्ण रेसच्या पेट्रोलचा) दोन्ही स्क्रू जुन्या खुणेपेक्षा किंचित उघडावे लागतात. माझ्या जुन्या कार्बोरेटरवर दोन्ही मोकळे आहेत. त्या नव्यावर प्लास्टिकच्या टोप्या होत्या, थोडं फिरलं की अडायच्या, आणि डोकी अशी की साधा पेचकस लागतच नाही. सगळेच डुप्लिकेट तसे नसतात, पण घेण्याआधी फोटोत तेवढं बघावं.

तरी काहींनी नवाच घ्यावा असं मी म्हणेन. बाजारात मिळते ती बिनकंपनीची ५८ सीसीची मशीन असेल तर तिचा मूळ कार्बोरेटरही याच जातीचा असतो, त्यात किट घालत बसण्याचा खटाटोप कशाला? वर्षातून एकदा वादळाने पडलेलं झाड कापायचं, एवढंच काम असेल तरी चालून जाईल. थ्रॉटलचा दांडा हलवून पाहा. वरखाली खुळखुळत असेल तर तिथून हवा जाते आणि किटने ते भरून येत नाही. अशा वेळी मी आधी भंगारातल्या त्याच मॉडेलच्या मशीनवरून जुना अस्सल कार्बोरेटर मिळतो का ते पाहीन, आणि नाहीच मिळाला तर डुप्लिकेट.

लावताना, काहीही बसवलं तरी: एल आणि एच हलक्या हाताने बंद करून एकेक फेरा उघडा, आवळू नका, स्क्रूचं सुईसारखं टोक बिघडतं. मशीन गरम होऊ द्या. एल फिरवून आयडल सर्वात उंच येतं तिथून किंचित उघडा, मग टी (आयडलचा स्क्रू) सोडत चेन थांबवा. एच मोकळ्या पूर्ण रेसवर थोडा फाटका, भरडा आवाज देईल असा ठेवा. लाकडात घातल्यावर तो आवाज साफ झाला पाहिजे. मोकळ्यावरच गोड, किंचाळता आवाज येत असेल तर एच जरा उघडा, कानाला तो कितीही बरा वाटला तरी.