मेफ्लॉवर की जेम्सटाऊन? अमेरिकन व्याह्यांची मुळं शोधायची तर सुरुवात कुठून करायची

सून किंवा जावई अमेरिकन असलेली मराठी घरं आता काही कमी नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत व्याही कधीतरी सहज बोलून जातात की आमचे लोक मेफ्लॉवर जहाजावरून आलेत, नाहीतर आमचं घराणं जुनं व्हर्जिनियाचं. आपल्या बाजूला कुलवृत्तांताचं जाडजूड पुस्तक असतं आणि त्यांच्या बाजूला हे एक वाक्य. मग नातवंडांसाठी शोधूया म्हणून कोणीतरी डीएनए किट मागवतं, कोणी वर्षाची सबस्क्रिप्शन घेतं, आणि दोन महिन्यांत उत्साह संपतो. आमच्याकडे सुनेची बाजू मॅसॅच्युसेट्सची आणि जावयाची व्हर्जिनिया-केंटकीची, त्यामुळे दोन्ही रस्ते बघून झालेत. माझं मत आधीच सांगते: कुठलं जहाज जास्त भारी ते सोडा, कुठल्या गावाचे कागद वाचलेत ते बघा, सगळा फरक तिथे पडतो.

दोन्हीकडची गोष्ट थोडक्यात अशी. जेम्सटाऊन म्हणजे व्हर्जिनियातली इंग्रजांची वसाहत, 1607 ची, व्हर्जिनिया कंपनीचा धंदा, पहिल्या खेपेला शंभरेक पुरुष आणि पोरं, बायका नाहीतच. 1609-10 च्या हिवाळ्यात उपासमारीने माणसं पटापट गेली, 1622 मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात 347 माणसं मारली गेली, म्हणजे सुरुवातीला आलेल्यांपैकी बहुतेकांचा वंश पुढे गेलाच नाही. मेफ्लॉवर जहाज 1620 चं, आताच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला आलेलं, 102 प्रवासी, पण त्यात कुटुंबं होती. पहिल्या हिवाळ्यात निम्मे गेले हे खरं, तरी उरलेल्यांनी भराभर संसार मांडले. जॉन हाउलंड नावाचा तरुण नोकर वादळात बोटीवरून समुद्रात पडला होता, दोराला धरून वाचला, पुढे त्याला दहा मुलं झाली आणि आज त्याचे वंशज अमेरिकाभर पसरलेत, दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष त्यातलेच.

आता कागद. दोन्हीकडची एकेक यादी शेजारी ठेवून बघा म्हणजे लगेच कळेल.

व्हर्जिनियात 1625 च्या सुरुवातीला घरोघरी फिरून शिरगणती झाली. कोणाच्या घरात कोण, बऱ्याच जणांचं वय, कुठल्या जहाजाने आला, घरात मका किती, बंदुका किती, असलं सगळं त्यात आहे. कॅप्टन विल्यम पिअर्सच्या घरात ‘अँजेलो’ नावाची एक आफ्रिकन बाई नोंदली आहे, ‘ट्रेझरर’ जहाजाने आलेली, वय दिलेलं नाही, आडनाव नाही. प्लिमथमध्ये 1627 साली गाईगुरांची वाटणी झाली, 13-13 माणसांचे 12 गट पाडले आणि एकूण 156 जणांची नावं लिहिली, बायका आणि तान्ही पोरंसुद्धा. हाउलंडच्या गटात जॉन आणि प्रिसिला ऑल्डनचं कुटुंबही होतं आणि त्या गटाला जी कालवड मिळाली तिचं नाव रॅगहॉर्न! गाईचं नाव टिकलं आणि आपल्या पणजीच्या आईचं नाव आपल्याला माहीत नसतं, असो.

यादी दोन्हीकडे झकास आहे. फरक पडतो त्यानंतरच्या दोनशे वर्षांत. प्लिमथच्या शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे कॉलनीने 1639 मध्येच जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा कायदा केला, प्रत्येक टाउनचा क्लार्क वही ठेवायचा, आणि बऱ्याच गावांच्या 1850 पर्यंतच्या या नोंदी पुस्तकरूपात छापल्या गेल्यात, आता ऑनलाइन फुकट दिसतात. 1841 पासून राज्य पातळीवरही नोंदी आहेत. व्हर्जिनियात हे काम पॅरिशकडे, म्हणजे त्या-त्या भागातल्या चर्चकडे, आणि त्या वह्यांतल्या थोड्याच उरल्यात. राज्याची नोंदणी 1853 ला सुरू झाली, 1896 ला बंद पडली ती थेट 1912 ला परत चालू. त्यात कोर्टं जळाली. यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून कितीतरी काउंट्यांनी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) आपले कागद रिचमंडला पाठवले आणि एप्रिल 1865 मध्ये रिचमंडच पेटलं, खुद्द जेम्सटाऊन ज्या जेम्स सिटी काउंटीत येतं तिचे जुने कागद त्यात गेले. बकिंगहॅम काउंटीचं कोर्टहाऊस युद्ध संपल्यावर, 1869 ला जळलं. तिथे मग जमिनीच्या पट्ट्यांवरून, करांच्या याद्यांवरून, शेजाऱ्याच्या मृत्युपत्रातल्या साक्षीदाराच्या सहीवरून अंदाज बांधत जावं लागतं. पट्ट्यांमध्ये, जमीन घेणाऱ्याने ज्यांचा प्रवासखर्च भरला त्यांची नावं असतात, खर्च भरणाऱ्याला माणशी 50 एकर मिळायचे ना, पण पट्ट्याचं साल म्हणजे माणूस आल्याचं साल नाही, आणि एकाच नावावर दोनदा जमीन लाटलेलीही सापडते. मंडळी सगळीकडे सारखीच.

आणि व्हर्जिनियात गुलाम म्हणून राबवलेल्या लोकांचे वंशजही आले. व्याही आफ्रिकन अमेरिकन असतील तर 1870 च्या जनगणनेच्या मागे बहुतेकदा नावंच मिळत नाहीत, तिथे मालकाच्या घराण्याचे कागद चाळावे लागतात आणि डीएनएचा खरा उपयोग होतो. त्यांच्यासाठी पुढचा माझा सल्ला थोडा उलटा धरा.

आता वंशजांच्या संस्था, कारण बऱ्याच जणांना शेवटी ते सर्टिफिकेट भिंतीवर हवं असतं. मेफ्लॉवर सोसायटी 1897 ची. त्यांचे चंदेरी कव्हरचे ग्रंथ आहेत, प्रवाशापासून पाच पिढ्या पुराव्यासकट मांडलेल्या, हा त्यांचा कुलवृत्तांतच समजा, फक्त आपल्यासारखी मुलीची शाखा लग्नानंतर सोडून देत नाहीत, लेकींची मुलंही तितक्याच तपशिलाने. त्यामुळे 1620 पासून 1750 च्या आसपासपर्यंतचं काम आयतं मिळतं, आपल्याला तिथपर्यंत पोचायचं असतं. आणि तुमच्या लाइनवर आधीच कोणाचा अर्ज मंजूर झाला असेल तर तुमची शाखा जिथून फुटते तिथून खालचंच सिद्ध करायचं उरतं. वंश सिद्ध झालेली कुटुंबं मात्र साधारण दोन डझनच. जेम्सटाऊन सोसायटी 1936 ची, तिचा दरवाजा जास्त रुंद, 1700 च्या आधी जेम्सटाऊनच्या बेटावर राहिलेला, जमीन असलेला किंवा विधानसभेसाठी तिथे आलेला पूर्वज चालतो, व्हर्जिनिया कंपनीचा शेअरहोल्डरही चालतो. म्हणजे पात्र पूर्वज मिळणं व्हर्जिनियात सोपं आणि त्याच्यापर्यंत पुरावा नेणं अवघड, न्यू इंग्लंडात, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांत, बरोबर उलटं.

मेफ्लॉवर नाहीच निघालं तर हिरमुसू नका, निघत नाहीच बहुतेकांचं. 1620 ते 1640 मध्ये साधारण 20,000 इंग्रज न्यू इंग्लंडात आले, एकट्या 1630 च्या विन्थ्रॉप ताफ्यात 11 जहाजं होती. घरात चालत आलेली ‘मेफ्लॉवर’ची गोष्ट खूपदा यातल्याच कुठल्यातरी जहाजाची असते. बॉस्टनच्या 1845 पासूनच्या वंशावळ संस्थेने या लोकांवर एकेका माणसाचं टिपण काढायचं प्रचंड काम केलंय, ते ‘अमेरिकन अँसेस्टर्स’ साइटवर मिळतं आणि तिथली माहिती मी डोळे झाकून नाही पण अर्धे मिटून नक्की घेते.

डीएनए की कागद, हा पुढचा प्रश्न. नेहमीची थुंकीची टेस्ट चुलत-मावस नाती पाच-सहा पिढ्यांपर्यंत बऱ्यापैकी दाखवते, पण 1620 म्हणजे दहा-बारा पिढ्या, बाराव्या पिढीला पूर्वजांच्या 4,096 जागा होतात, त्यातल्या एका ठराविक माणसाचा डीएनए नातवंडात उरलेलाच नसण्याची शक्यता जास्त. तरीही वंशज तो असतोच. वाय-डीएनए वेगळं, ते बाप-मुलगा-बाप असं सरळ जातं, त्यामुळे आडनाव तेच चालत आलेला पुरुष घरात असेल आणि व्हर्जिनियात कागद जळलेले असतील तर त्यावर पैसे घाला. न्यू इंग्लंडवाल्यांनी किटची घाई करू नये. आणि नातवंडाची थुंकी पाठवायच्या आधी आईबापांना विचारा, 23अँडमी या डीएनए कंपनीने 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा त्या डेटाचं काय होणार यावरून लोकांची केवढी धावपळ झाली होती.

साइट्सचं म्हणाल तर फॅमिलीसर्च फुकट आहे, मॉर्मन चर्चचं आहे, कागदांचे फोटो तिथे अफाट आहेत, पण त्यांचं झाड सगळ्यांचं मिळून एकच, कोणीही येऊन फांदी बदलतं. अँसेस्ट्रीला पैसे पडतात पण अमेरिकेतल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत बसून फुकट वापरता येतं, आधी तसं करा. विकीट्रीवर 1700 च्या आधीच्या माणसाला हात लावायला वेगळी परवानगी लागते, म्हणून तिथे जुन्या काळातला कचरा कमी. दुसऱ्यांची झाडं मात्र कुठलीच कॉपी-पेस्ट करू नका. गुस्ताव अँजू नावाचा एक महाभाग शंभरेक वर्षांपूर्वी श्रीमंतांना पैसे घेऊन मनासारख्या वंशावळी बनवून द्यायचा, त्या बनावट लाइन्स अजून ऑनलाइन फिरतात. ‘तीन भाऊ इंग्लंडहून आले’ अशी सुरुवात दिसली की मी तरी तिथेच टॅब बंद करते.

एक तारखांचं. 1752 पर्यंत इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून वर सांगितलेली 1625 ची शिरगणती त्यांच्या हिशेबाने 1624 ची, आणि पुस्तकात 1624/25 असं दिसतं. लग्न एप्रिल 1650 आणि मूल फेब्रुवारी 1650 दिसलं तर भलता अर्थ काढू नका, ते मूल दहा महिन्यांनी झालंय.

मग ठरवायचं कसं? व्याह्यांच्या पणजोबांचं गाव विचारा आणि 1950 च्या जनगणनेपासून मागे जा, ती 2022 ला खुली झालीये. दहा-दहा वर्षं मागे सरकत 1850 पर्यंत घरातल्या सगळ्यांची नावं मिळतात, मध्ये 1890 ची जनगणना जवळजवळ सगळी गेलीये तेवढं धरून चाला. 1850 च्या आधी फक्त घरच्या कर्त्याचं नाव, आणि नेमके त्याच काळात लोक ओहायोला, केंटकीला, न्यूयॉर्कच्या आतल्या भागात निघून गेले होते. खरी अडचण 1790 ते 1850 मध्येच येते, मेफ्लॉवरवाल्यांचीही, कारण न्यूयॉर्क राज्यात नोंदणी 1880 च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा 1850 ला माणूस न्यू इंग्लंडातच सापडला तर बिनधास्त ती बाजू आधी घ्या. केंटकी-टेनेसीत सापडला तर व्हर्जिनिया धरा, तिकडचे बरेच लोक तिथूनच गेलेले, वेळ जास्त ठेवा, आणि आधी फोन करून विहीणबाईंना विचारा की घरचं जुनं बायबल कोणत्या आत्याकडे आहे, त्यात पहिल्या नाहीतर मधल्या पानांवर जन्म-मृत्यू हाताने लिहिलेले असतात, आणि जळलेल्या काउंटीत बऱ्याचदा तेवढाच एक पुरावा हाती लागतो.